कोरडी त्वचा : स्वयंपाकघरातले काय घ्यावे, काय टाळावे

दिवाळी आटोपली आणि पहाटे अंगावर रजई ओढावीशी वाटू लागली, की आमच्या दवाखान्यातल्या बाकावरच्या तक्रारी बदलतात. पावसाळ्यात चिखल्या, उन्हाळ्यात घामोळे, तसे हिवाळ्यात ‘अंग उलले’ हे ठरलेले. आपल्या खानदेशात थंडी पडते ती कोरडी पडते. पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, वारा सुटतो, आणि आठ दिवसांत लहान मुलांचे गाल, म्हाताऱ्यांच्या नडग्या आणि बायांच्या टाचा बोलू लागतात.

या आठवड्याचा विषय एका वाचक भगिनींच्या पत्रावरून घेतला आहे. त्या लिहितात की त्यांच्या मुलीची त्वचा फार कोरडी आहे. बाजारातल्या क्रीममध्ये रसायने असतात म्हणून गेले तीन आठवडे त्या तिला रोज बेसन, लिंबू आणि हळदीचा लेप लावत आहेत. परंतु कोरडेपणा कमी होण्याऐवजी वाढला असून आता त्वचेची आग होते. शेवटी त्या विचारतात, “डॉक्टरसाहेब, सगळ्या वस्तू नैसर्गिक आणि घरातल्या. मग अपाय कसा होईल?”

प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो एकट्या या भगिनींचा नाही. हल्ली मोबाइलवर रोज नवा लेप येतो आणि प्रत्येकावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असा शिक्का असतो. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोरड्या त्वचेला लागणारे औषध बहुतेक घरांत आधीच असते, हे खरे. पण ‘नैसर्गिक’ हा शब्द काही गुणवत्तेचा दाखला नव्हे. लिंबूही नैसर्गिक आणि बिब्बाही नैसर्गिक. बिब्ब्याचे तेल अंगावर उतले म्हणजे काय होते ते आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको.

कोरडेपणा म्हणजे काय?

त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्याची रचना वीटकामासारखी आहे, असे समजा. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये म्हणजे सिमेंट. ही भिंत धड असेल तोवर आतले पाणी आत राहते आणि बाहेरचे जंतू, धूळ, साबण बाहेर राहतात. सिमेंट झिजले की फटी पडतात, पाणी उडून जाते, त्वचा ताठर होते, खाजते आणि शेवटी उलते. तेव्हा कोरडेपणा म्हणजे मुळात पाण्याची तूट. तेल लावून आपण त्वचेला खाऊ घालत नाही, तर फटींवर गिलावा करतो आणि पाणी आत अडवतो.

हे ध्यानात आले की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. तैलग्रंथी वयोमानाने मंदावतात, म्हणून म्हातारपणी अंग कोरडे पडते. तळहात-तळपायांना तैलग्रंथी नसतातच, म्हणून भेगा तिथे पडतात. आणि ज्या माणसाला भरपूर लघवी होते, ज्याला तहान-शोष नाही, त्याने दिवसाला चार तांबे पाणी जास्त प्याल्याने नडग्या मऊ होत नाहीत. पाणी जरूर प्यावे, पण गळक्या माठाला आधी बुच लावावे आणि मग पाणी ओतावे.

पहिला अपराधी न्हाणीघरात

भगिनींनो, कोरड्या त्वचेचा उपचार न्हाणीघरातून सुरू होतो. थंडीत कढत पाण्याने अंग शेकत बसावेसे वाटते. पूर्वी बंबातले पाणी मोजके असे, घरात माणसे दहा, तेव्हा आंघोळ आपोआप लवकर उरके. आता गिझरचे पाणी संपत नाही. खरकटे, तुपकट भांडे कढत पाण्याने लवकर निघते, हे आपण रोज पाहतो. अंगावरची स्निग्धताही तशीच निघून जाते. म्हणून पाणी कोमट असावे आणि आंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरकावी.

दुसरी गोष्ट साबण. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते. तिचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. आपला नेहमीचा अंगाचा साबण अल्कधर्मी असून त्याचा सामू ९ ते १० असतो. जंतुनाशक म्हणवणाऱ्या उग्र साबणांनी कोरडी त्वचा अधिकच कोरडी पडते. हिवाळ्यात काखा, जांघा, पाय आणि जिथे मळ-घाम आहे तिथेच साबण लावावा. पोट, पाठ, दंड, नडग्या यांना रोज साबणाची गरज नसते. घासणीने तर मुळीच खरवडू नये. आंघोळीनंतर अंग पंचाने टिपावे, रगडून पुसू नये.

तेल : कोणते, केव्हा, किती

आपल्या पूर्वजांनी दिवाळीत अभ्यंगस्नान घातले ते नेमके थंडीच्या तोंडावर. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करावा असे सांगितले असून डोके, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. (कानाबद्दल माझा मतभेद आहे, तो पुढे सांगतो.) आपण मात्र वर्षातला एक दिवस पाळतो आणि उरलेले दिवस विसरतो. अंगाला तेल लावणे हे गावंढळपणाचे लक्षण, असा एक समज मधल्या काळात शिरला. तेलाची बाटली फळीवरून खाली गेली आणि तिच्या जागी सुगंधी बाटल्या आल्या. माझ्या मते हा व्यवहार तोट्याचाच झाला.

तेल लावण्याची उत्तम वेळ म्हणजे आंघोळीनंतर लगेच, अंग दमट असताना. दोन-तीन मिनिटांच्या आत लावावे. त्वचेत नुकतेच मुरलेले पाणी तेलाखाली कोंडले जाते. कोरड्याठाक अंगावर दुपारी चोळलेल्या तेलाचा उपयोग यापेक्षा पुष्कळ कमी. आंघोळीआधी तेल लावण्याची रीतही चांगली, कारण त्यामुळे साबणाची झळ कमी बसते. पण एकच वेळ जमत असेल तर आंघोळीनंतरची निवडावी. फार नको. तळहातावर चमचाभर घेऊन दोन्ही हात-पाय पुरे होतात. कपडे तेलकट होतील इतके लावणे म्हणजे नासाडी.

आता कोणते तेल? खोबरेल तेल माझ्या यादीत पहिले. २००४ साली फिलिपिन्समध्ये कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना खोबरेल तेल आणि निम्म्यांना खनिज तेल दोन आठवडे लावण्यास दिले. दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. म्हणजे आजीचे म्हणणे प्रयोगातही टिकले. खोबरेल तेल २४ अंशांच्या सुमारास गोठते, म्हणून थंडीत बाटली उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवावी लागते. गोठले म्हणजे बिघडले असे नाही. बाटलीवर ‘खाद्यतेल’ लिहिलेले साधे तेल घ्यावे. रंग-वासाच्या केशतेलांत इतर तेले आणि सुगंधी द्रव्ये मिसळलेली असतात आणि नाजूक त्वचेला ती सोसत नाहीत.

२०२५ साली खोबऱ्याचे भाव कडाडले तेव्हा अनेकींनी विचारले की दुसरे काय लावावे. सूर्यफुलाचे तेल लावावे. बांगलादेशात ढाक्याच्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल नियमित लावले तेव्हा त्यांच्यातला गंभीर जंतुसंसर्ग कमी झाला, असे २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हिवाळ्यात तिळाचे तेलही वापरण्यास हरकत नाही. मोहरीचे तेल मात्र झोंबते. ते कोरड्या, उललेल्या अंगाला लावू नये. ऑलिव्हच्या तेलाचे हल्ली फार कौतुक होते. परंतु २०१३ साली ब्रिटनमधील अभ्यासात ते मोठ्या माणसांच्या त्वचेवर काही आठवडे लावले असता वरचा थर सुधारण्याऐवजी कमजोर झाल्याचे दिसले. महागडे तेल परदेशातून आणून नुकसान करून घेण्याचे कारण नाही.

तेलाखेरीज तीन वस्तू सांगण्याजोग्या आहेत. कोकणातून येणारे कोकमाचे तेल थिजलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळते. ते अंगाच्या उबेने हळूहळू वितळते, म्हणून ओठांना आणि टाचांना उत्तम. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. पण ते नुसते लावू नये. एक भाग ग्लिसरीन, तीन भाग पाणी किंवा गुलाबपाणी असे मिसळावे आणि वरून तेलाचा हलका हात फिरवावा. तिसरी वस्तू पेट्रोलियम जेली, जिला आपण सरसकट व्हॅसलीन म्हणतो. ती खनिज तेलापासून निघते, सबब ‘नैसर्गिक’वाले तिला नाके मुरडतात. १८७२ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले गेले. पाणी अडवण्यात आजही तिच्या तोडीचे फार थोडे आहे. तिला वास नाही, तिची अॅलर्जी क्वचितच येते आणि ती स्वस्त आहे. तेलासाठी खिशात पैसे नसतील तर खुशाल ती वापरावी.

तूप, लोणी आणि साय यांतही स्निग्धांश आहे, म्हणून त्यांनी बरे वाटते. पण साय आंबते, तिला वास येतो आणि उललेल्या त्वचेवर तिच्यात जंतू वाढू शकतात. लावलीच तर ताजी लावावी आणि पंधरा मिनिटांत धुवावी. तूप माझ्या मते पोळीवरच शोभते. कोरफडीच्या गरात बहुतांशी पाणी असते. थंडावा मिळतो, पण वरून तेल लावले नाही तर ते पाणी उडून जाते. तिचे पान कापल्यावर पिवळा चीक येतो. तो निथळून जाऊ द्यावा, नाही तर खाज सुटते.

स्वयंपाकघरातले काय लावू नये

आता पत्रलेखिका भगिनींच्या लेपाकडे येतो.

बेसन. तुपाची बरणी धुताना आपण तिला आधी पीठ चोळतो, कारण पीठ तूप शोषून घेते. अंगावरही बेसन तेच काम करते. उटण्याची जुनी रीत आठवा. आधी भरपूर तेल, मग उटणे. उटणे होते ते जादाचे तेल काढण्यासाठी. आपण तेल वगळले आणि पीठ तेवढे ठेवले. आधीच कोरड्या असलेल्या मुलीला तीन आठवडे रोज बेसन लावल्यावर दुसरे काय होणार? मुलतानी मातीचेही तेच. तेलकट, पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला ती एक वेळ चालेल, कोरड्याला नाही.

लिंबू. त्याच्या रसाचा सामू २ च्या आसपास, म्हणजे तीव्र आम्ल. उललेल्या त्वचेवर ते झोंबते ते ‘काम करते म्हणून’ नव्हे, जखम होते म्हणून. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. गोरे होण्यासाठी लिंबू लावून काळे डाग घेऊन आलेल्या मुली मी दर उन्हाळ्यात पाहतो.

हळद. जेवणात उत्तम, पण कोरडेपणावर तिचा उपयोग नाही आणि काहींना तिची अॅलर्जी येते. खाण्याचा सोडा, मीठ किंवा साखर घालून चोळणे आणि टूथपेस्ट लावणे हे सारे बंद करावे.

थोडक्यात कसोटी अशी की स्वयंपाकघरातली जी वस्तू स्निग्ध आहे तिचा विचार करावा. जी आंबट, खारट, खरखरीत किंवा पिठूळ आहे ती स्वयंपाकातच राहू द्यावी. त्या भगिनींना माझे सांगणे एवढेच की लेप आजच थांबवा, साबण कमी करा आणि दोन वेळा खोबरेल तेल लावा. दहा-बारा दिवसांत फरक पडला नाही तर मुलीला डॉक्टरांना दाखवा.

तान्ह्या बाळांबाबतही दोन शब्द. तेलाचा हलका हात जरूर फिरवावा. डाळीच्या पिठाने लव काढण्यासाठी रगडू नये. आणि बाळाच्या कानात, नाकात, बेंबीत तेल अजिबात घालू नये. हाच माझा वर म्हटलेला मतभेद.

टाचांच्या भेगा आणि एक कबुली

भेगा या विषयावर मी जरा जास्त लिहिणार आहे. त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे मधुमेहासाठी येत. शिस्तीचे गृहस्थ. गोळ्या वेळेवर, चालणे वेळेवर. हिवाळ्यात त्यांच्या टाचांना भेगा पडल्या. कोणीतरी सांगितले की मेणबत्तीचे मेण आणि खोबरेल तेल एकत्र कढवून भेगांत भरावे. उपाय जुना आहे आणि थंड करून लावला तर वाईटही नाही. घरी मेण कढवले आणि गरम असतानाच भेगांत ओतले. गुरुजींना काहीच जाणवले नाही. उलट ते म्हणाले, “अजून ओत, पोळत नाही.”

पोळत नव्हते, कारण मधुमेहाने पायातल्या नसा बधिर झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी फोड आले. ते मोज्याखाली झाकून गुरुजी चार दिवस फिरले. सहाव्या दिवशी वास येऊ लागला तेव्हा माझ्याकडे आले. मी त्यांना लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवले. पाय वाचला, पण दोन बोटे काढावी लागली.

या गोष्टीत मेणाला दोष देणे सोपे आहे. पण खरे सांगायचे तर मी चार वर्षे दर तीन महिन्यांनी त्यांची साखर पाहत होतो, रक्तदाब पाहत होतो. त्यांना पायातले बूट-मोजे काढायला मात्र मी एकदाही सांगितले नव्हते. ते सांगितले असते तर कापसाच्या बोळ्याने, साध्या टोचणीने पायाचा बधिरपणा दोन मिनिटांत कळला असता. त्यानंतर माझ्या दवाखान्यात मधुमेहाचा प्रत्येक रुग्ण चपला बाहेर आणि मोजे हातात घेऊनच आत येतो. वाचकांनीही आपल्या डॉक्टरांपुढे पाय पुढे करावा. डॉक्टर विसरतात. मी विसरलो होतो.

मधुमेह असलेल्यांनी म्हणून पाय कढत पाण्यात बुडवू नयेत. पाण्याची ऊब घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपराने पाहावी. ब्लेडने कातडे काढू नये. तळव्यांना आणि टाचांना तेल लावावे, पण बोटांच्या बेचक्यात लावू नये, तिथे ओल राहून बुरशी होते. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत.

ज्यांना मधुमेह नाही त्यांच्यासाठी भेगांचा साधा उपाय असा. रात्री पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत. मऊ झालेले जाड कातडे वजरीने हलके घासावे, रक्त येईपर्यंत नाही. पाय टिपून लगेच कोकमतेल, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन जाडसर लावावे आणि जुने सुती मोजे घालून झोपावे. दिवसा टाच झाकणारी चप्पल किंवा बूट घालावेत. दोन-तीन आठवडे नियमाने केले तर बहुतेक भेगा भरतात. खोल, रक्त येणाऱ्या भेगांना युरियाचे मलम लागते, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. भेगेत चिकटद्रव, ग्रीस किंवा तंबाखू भरू नये. हे तिन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

कापूस वेचणाऱ्या बायांची गोष्ट वेगळी. पहाटेची थंडी, वाळलेल्या बोंडांची टोके आणि दिवसभर तीच बोटे. दिवसा तेल लावावे तर कापसाला डाग पडतो, म्हणून लावता येत नाही. त्यांनी रात्री भांडी झाल्यावर हात धुऊन, ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावावे आणि मऊ सुती कापड गुंडाळून झोपावे. हातांचे काम संपत नाही, निदान रात्र तरी त्यांना द्यावी.

मेडिकलमधली ट्यूब

घरगुती लेपांपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती एका लहान ट्यूबची. खाज सुटली, चट्टा आला, चेहरा काळवंडला, की लोक मेडिकल दुकानात जाऊन “अमुक ट्यूब द्या” म्हणतात आणि ती मिळते. तिच्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे स्टेरॉइड असते. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, त्वचा तुकतुकीत दिसते. महिनाभर लावली की त्वचा पातळ होते, बारीक लाल रेषा उमटतात, पुटकुळ्या आणि लव येते, आणि थांबवली की आग होते. नायट्यावर लावली तर नायटा दबतो आणि मग दुप्पट पसरतो. गेल्या काही वर्षांत नायटा पूर्वीच्या औषधांना सहजी दाद देत नाही, त्यामागे या ट्यूबांचा मोठा हात आहे. २०१८ साली केंद्र सरकारने ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली. नियम कागदावर आहे. तो दुकानाच्या काउंटरवर उतरवणे ग्राहकाच्याही हाती आहे.

इथे आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. कोरड्या त्वचेला ट्यूब लिहून द्यायला अर्धा मिनिट पुरतो. साबण कसा कमी करावा, तेल केव्हा लावावे हे समजावायला पाच मिनिटे लागतात आणि त्या पाच मिनिटांची फी कोणी देत नाही. “डॉक्टरांनी नुसते खोबरेल तेल सांगितले” म्हणून रुग्णही नाराज होऊन जातो. दोन्ही बाजूंनी ही सवय बदलली पाहिजे. योग्य रोगावर, योग्य दिवस दिलेले स्टेरॉइड मलम फार उपयोगी आहे. पण साधा कोरडेपणा हा तो रोग नव्हे.

केवळ कोरडेपणा नसेल तर?

काही वेळा कोरडी त्वचा ही दुसऱ्या आजाराची खूण असते. पुढील लक्षणे असतील तर तेलावर वेळ घालवू नये.

एक, कोरडा, फिकट किंवा तांबूस चट्टा असून तिथे घाम येत नाही, स्पर्श किंवा टोचलेले कळत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. २००५ च्या अखेरीस देशाने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले. त्याचा अर्थ रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले, रोग संपला असा नव्हे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात आणि वेळेत घेतल्यास रुग्ण पूर्ण बरा होतो. लाजून वर्षभर तेल चोळत बसल्यास हाताची बोटे वाकडी होतात.

दोन, कोरडेपणाबरोबर थकवा, बद्धकोष्ठ, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, आवाज जड होणे. थायरॉइडची रक्ततपासणी करावी.

तीन, रात्री खाज वाढते आणि घरात आणखी कोणाला तरी खाजते. ही बहुधा खरूज. सर्व घराने एकाच वेळी औषध लावावे लागते.

चार, भुवया, नाकाच्या कडा, टाळू येथे तेलकट खपल्या. हा कोंड्याचाच प्रकार असून त्यामागची बुरशी स्निग्ध द्रव्यांवर वाढते. इथे तेल लावल्यास त्रास वाढतो. सर्व ठिकाणी तेल चालते असे नाही, ते यासाठीच सांगितले.

पाच, म्हाताऱ्या माणसाच्या सर्वांगाला अचानक खाज, सोबत पायावर सूज, कावीळ किंवा वजन घटणे. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त तपासून घ्यावे.

सहा, जन्मापासून नडग्यांवर माशाच्या खवल्यांसारखी त्वचा. हा बहुधा आनुवंशिक दोष आहे. तो कोणाच्या पापाचा नाही, संसर्गाने पसरत नाही आणि नियमित तेल-मलमाने चांगला ताब्यात राहतो. अशा मुलींची लग्ने केवळ अज्ञानामुळे अडतात, हे थांबले पाहिजे.

शेवटी

तीस वर्षांच्या आसपासच्या माझ्या व्यवसायात एक गोष्ट मी दर हिवाळ्यात पाहत आलो आहे. आई लेकराला घेऊन येते. लेकराच्या गालाला तेल लावलेले असते, ओठांना तूप लावलेले असते. सासूबाईंच्या नडग्यांना कोणते तेल लावावे, तेही ती विचारून घेते. आणि उठताना तिच्या चपलेतून मागे निघालेली टाच दिसते. भेगा इतक्या खोल की आतले लाल दिसते. “ताई, हे काय?” असे विचारले की हसून म्हणते, “हे तर नेहमीचंच आहे, डॉक्टरसाहेब.”

ते नेहमीचे नाही. तिथून जंतू आत जातात, पाय सुजतो, ताप भरतो, आणि मग तेलाने भागले असते तिथे इंजेक्शने आणि सलाईन लागते, मजुरी बुडते ती वेगळीच. घरातल्या तेलाचा पहिला चमचा तान्ह्या बाळाचा असावा, हे मान्य. पण शेवटचा चमचा रोज भांडी-धुणे करणाऱ्या बाईच्या टाचांपर्यंत पोहोचलाच पाहिजे. घरातल्या पुरुषांनी आज रात्री एवढे करावे. तेलाची वाटी कोमट पाण्यात ठेवावी, आणि ती घरातल्या बाईच्या हाती देऊन म्हणावे की भांडी मी घासतो, तू पाय घेऊन बैस.

होळी जळाली, थंडी पळाली असे आपण म्हणतो. तोवर रोज दहा मिनिटांचा हा नेम पाळावा. त्याला ना नवा लेप लागतो, ना महागडी बाटली.